गाडीची भिंत फुगलीय, वरून पॅनेल मारू का?

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्याकडं २००९ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आधीच्या मालकानं आतून मोटरहोम करून घेतलेली. मागं बेड, डाव्या बाजूला ओटा आणि सिंक, वर कपाटं, छतावर व्हेंटचा फॅन आणि सामानाचं कॅरिअर. गेल्या पावसाळ्यात कास, बामणोली, महाबळेश्वर असं मनसोक्त फिरलो आणि आता ओट्याशेजारच्या सरकत्या खिडकीखाली भिंत फुगलीय, सनमायका सुटलाय, बोटानं दाबलं की आत जातंय आणि दार बंद ठेवलं की कुबट वास येतो. खिडकीला बाहेरून चारी बाजूनी सिलिकॉन मारलं तरी ओल थांबत नाही, उलट वाढलीय असं घरच्यांचं म्हणणं. सुतार म्हणतोय वरून पीव्हीसी पॅनेल मारतो, अर्ध्या दिवसात काम होतंय. मारू का? आणि प्लायच बदलायचा झाला तर कुठला घेऊ?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : नका मारू. दाबल्यावर आत जातंय म्हणजे प्लायचे थर सुटलेत आणि त्याच्या मागच्या लाकडी रिपा पण भिजल्या असणार. त्यावर पीव्हीसी ठोकलं की ओल बाहेर पडायची जी थोडीफार वाट होती ती पण बंद, म्हणजे बुरशीला अंधार, ओल आणि खायला लाकूड सगळं एकाच जागी. आणि त्या पॅनेलचे स्क्रू धरणार कशाला, मागं भुसा झालेला असताना? सुतार काय वाईट माणूस नाही, पण त्याला घरातली भिंत माहितीय. घरातली भिंत खंबाटकीच्या वळणावर हलत नाही, गाडीची हलते, म्हणून गाडीत प्रत्येक सांधा थोडा तरी उघडतोच आणि तिथनं पाणी शिरतं.

आता घरच्यांचं म्हणणं मला खरं वाटतंय. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनेलला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं किंवा खाचा असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी चॅनेलमध्ये साठतं आणि त्या भोकातनं बाहेर जातं, तशीच सोय केलेली असते. चारी बाजूनी सिलिकॉन मारताना ती बुजली असतील तर पाणी चॅनेलमध्ये तुंबणार आणि आतल्या बाजूनं भिंतीत उतरणार. आधी ते बघा, बारीक तार घालून भोकं मोकळी करा. कदाचित निम्मं दुखणं तिथंच असेल.

निम्मं म्हणतोय कारण पाणी जिथं दिसतं तिथूनच आत येतं असं गाडीत सहसा होत नाही. छतावर शिरलेलं पाणी आतल्या आडव्या बारवरून सरकत सरकत खांबापर्यंत येतं आणि तिथनं खाली खिडकीशी उतरतं, आणि गाडी चढावर उभी असेल तर मागं जातं, उतारावर असेल तर पुढं, म्हणून एकदा इथं ओल एकदा तिथं असं होतं. माझा पहिला संशय नेहमी व्हेंटच्या फ्लँजवर, म्हणजे छताला टेकते त्या कडेच्या पट्टीवर, मग कॅरिअरच्या बोल्टांवर, मग छताच्या पन्हळीच्या जोडावर, आणि सोलरची किंवा कसली वायर छतातनं आत घेतली असेल तर त्या भोकावर. तुमच्याकडं तर सिंक पण शेजारीच आहे, त्यामुळं पाऊस सोडून नळाचं पाणी पण तपासा. कोरड्या दिवशी टाकी भरा, पंप चालू करा, सिंकखालच्या प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा आणि तासाभरानं बघा. पेपर ओला झाला तर छतावर चढायची गरजच नाही.

तो कोरडाच राहिला तर मग पाइपानं पाणी मारायचं. एकजण आत टॉर्च घेऊन, एकजण बाहेर, आणि सुरुवात खालनं करायची. आधी खिडकीच्या खाली दहा मिनिटं, मग खिडकीवर, मग पन्हळीवर, शेवटी छतावर. सगळे एकदम छतावर पाणी सोडतात आणि मग ते सगळीकडनंच ओघळतं, काही कळत नाही. वॉशिंग सेंटरची जोरदार पिचकारी वापरायची नाही, ती चांगल्या रबराच्या आत पण पाणी घुसवते आणि नसलेली गळती दाखवते. आणि हे करताना आतलं खराब पॅनेल काढलेलं असलं तर उत्तम, पत्र्यावरचा ओघळ डोळ्यांनी दिसतो.

पॅनेल काढायच्या आधी बॅटरीची वायर सोडा, बाहेरनं घेतलेलं २३० व्होल्टचं कनेक्शन असेल तर ते पण काढा, कारण जुन्या मोटरहोममध्ये वायर कुठनं फिरवलीय ते ज्यानं फिरवली त्याला पण आठवत नसतं. तोंडाला एन-९५ मास्क लावा, बुरशीची भुकटी छातीत जाते. मग दाभण घ्या आणि टोचत जा. चांगल्या लाकडात दाभण अडतं, कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं जातं. जिथं अडायला लागलं तिथून पुढं आणखी चार-सहा इंच सोडून कापायचं, आणि शक्यतो उभ्या किंवा आडव्या रिपेच्या मधोमध कापायचं म्हणजे नवीन तुकड्याला टेकायला जागा मिळते. कटर मशीनची खोली प्लायच्या जाडीएवढीच ठेवा, मागं पत्रा आहे आणि वायरी आहेत. काढलेला तुकडा मोडला तरी टाकू नका, नवीन कापायला तोच फर्मा.

मागं ग्लासवूल निघालं आणि ओलं असलं तर सरळ फेकून द्या, ते भिजलं की किती दिवस पाणी धरून बसेल सांगता येत नाही, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी गळतंय असं लोक सांगतात ते बहुतेक यामुळंच. पत्र्याला गंज असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडून प्राइमर मारा. रिपा कुजल्या असतील तर बदला, नुसत्या काळ्या पडल्या असतील आणि दाभण अडत असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं लावा. ब्लीच मारायचा सल्ला पुष्कळजण देतील, लाकडावर त्याचा फार उपयोग नाही, वरचा डाग जातो आणि त्यातलं पाणी तेवढं आत मुरतं.

मग वाळवणं, आणि इथं घाई करून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सातारच्या पश्चिमेला हवाच एवढी ओली असते की लाकूड वाळणार कुठं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिकडं माण-खटावला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. दहिवडी-म्हसवडकडं कुणी पाहुणे असतील तर खरंच सांगतो, पॅनेल उघडी टाकून गाडी तिकडं नेऊन लावा, खिडक्या उघड्या, जमलं तर आत टेबल फॅन. नाहीतर सरळ ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा आणि तोवर वर ताडपत्री टाका, पण ती छताला चिकटवून नाही, खाली दोन बांबू घालून हवा खेळेल अशी.

वाळलं का नाही हे हात लावून कळत नाही. मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो, लाकडात दोन टोकं खुपसायची. आकडा २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला पोषक, १५ च्या खाली आला की बंद करायला हरकत नाही. मीटर नको असेल तर रिपेचा एक तुकडा कापून किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा, मग ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा आणि परत वजन करा. समजा ११८ ग्रॅमचे १०० झाले तर ओल १८ टक्के, म्हणजे अजून थांबा.

प्लायचं म्हणाल तर दुकानात एमआर प्लाय दाखवतील, ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून सांगतील. तसं नसतं, एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा एवढंच. तुम्हाला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यात पण टिकणारा पाहिजे, शिक्क्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघून घ्या, त्याच्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. सांगलीला येणं होत असेल तर टिंबर एरियात भाव विचारून बघा, नाहीतर साताऱ्यात पण मिळेल. जाडी जुन्या तुकड्याची मोजून तेवढीच घ्या, जास्त जाड घेतलं की कपाटांची फ्रेम बसत नाही आणि वजन फुकट वाढतं. पण महागातला प्लाय आणला म्हणून बिनधास्त राहू नका, प्लाय पाणी पितो तो कडेनं. चारी कडा आणि मागची बाजू, शिवाय वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा, यांना इपॉक्सी किंवा पीयूचे (पॉलीयुरेथेनचे) दोन हात द्या आणि मगच बसवा. हे कुणीच करत नाही, कारण आत गेल्यावर दिसत नाही.

इन्सुलेशनला थर्मोकोल घालणार असाल तर ते रबर सोल्युशन टाइपच्या गमनं चिकटवू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं, डोळ्यादेखत खड्डे पडतात.

राहिलं सीलिंग. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण सिलिकॉनवर काहीच नीट धरत नाही, नवीन सिलिकॉन पण नाही. व्हेंट आणि खिडकीच्या फ्लँजखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि पत्र्याच्या जोडांना पीयू सीलंट. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याला लावायचंच नाही, त्यानं गंज धरतो. हे बाहेरचं काम आधी उरका, परत एकदा पाइपानं पाणी मारून बघा, शक्य असेल तर एखादा खरा पाऊस जाऊ द्या, आणि मग आतली भिंत बंद करा. तोवर उघडी भिंत बघत चहा प्यावा लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : सांगलीत एकजण जुनी कॅम्पर व्हॅन विकतोय, आतून एकदम चकाचक, खालच्या अर्ध्या भागात नवीन पॅनेल मारलंय. किंमत जरा जास्तच कमी वाटते. पुरातली तर नसेल ना?
– एक वाचक, विटा

उत्तर : फक्त खालच्या अर्ध्या भागात नवीन पॅनेल म्हटल्यावर मला पण तेच वाटलं असतं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि २०२१ ला परत पूर आलाच. त्यात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असं तर नाही.

बघायला जाताना टॉर्च घेऊन जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, वरचा भाग धुतलेला असतो पण गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट, फ्यूज बॉक्सच्या मागची वायर आणि स्टेपनीची जागा बघा, कृष्णेचा गाळ बारीक असतो, असल्या कोपऱ्यातनं तो सहजी जात नाही. मग मालकाला सांगून नवीन पॅनेलचे दोन स्क्रू काढा आणि जिथं नवीन प्लाय संपून जुना सुरू होतो तिथं मागून टोचून बघा. पाणी प्लायमधनं आणि इन्सुलेशनमधनं वर चढतं, म्हणून पुराच्या रेषेच्या फूटभर तरी वर कापावं लागतं, आणि पैसे वाचवायला लोक रेषेवरच कापतात. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पण पाणी, त्यामुळं भिजलेलं फोम, ग्लासवूल, गादी असलं काही आत तसंच असेल तर ते वाळवून भागत नाही, काढावंच लागतं. मालक स्क्रू काढू देत नसेल तर तिथनंच परत फिरा, भाव करत बसू नका.

आणि विम्याचे कागद मागा, आधीचा क्लेम निघतोय का बघा.

प्रश्न : दादा, आमच्या व्हॅनला गळती अजिबात नाही, पाइपानं पाणी मारून बघितलंय. तरी डिसेंबरमध्ये सकाळी उठलं की बेडशेजारची भिंत ओली आणि गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके. पाऊस नसताना हे कुठनं येतंय?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, ते पाणी तुमचंच आहे. बंद गाडीत दोघं-तिघं झोपले की रात्रभराच्या श्वासाची वाफ, त्यात रात्री आतच स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत जातं, भाताची वाफ वेगळी. ती सगळी पहाटे गार पत्र्याला आणि भिंतीला लागून पाणी होते. थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी बंद करता तेव्हा जास्तच.

स्वयंपाक करताना व्हेंटचा फॅन चालू आणि समोरची खिडकी बोटभर उघडी, झोपताना पण व्हेंट थोडा उघडा ठेवायचा, गारवा लागला तर एक पांघरूण वाढवा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या दृष्टीनं पण हे गरजेचंच आहे, आणि झोपताना शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही म्हणजे नाही. गादीखाली अखंड प्लाय असेल तर त्याला रुपयाएवढी भोकं पाडा किंवा प्लाय काढून फळ्यांच्या पट्ट्या टाका, आणि गादी भिंतीपासून दोन बोटं लांब. काळे ठिपके कोरडे घासू नका, साबणाच्या पाण्याचं फडकं पिळून पुसा आणि गादी दिवसभर उन्हात टाका. ठिपके आतल्या फोमपर्यंत गेले असतील तर मात्र गादी बदला.