उन्हाळ्यात सायकलवरून लांबचा प्रवास केला आहे का? त्यातल्या आठवणी आणि बारीकसारीक निरीक्षणं सांगाल का?

केला आहे, एकदाच. २०२३ च्या मे महिन्यात मी आणि माझा मेहुणा नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला गेलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत आलो. एका बाजूचं अंतर साधारण ८० किलोमीटर.

मी सायकलपटू वगैरे नाही. नाशकात तशी मंडळी भरपूर आहेत. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पूर्ण केली होती. पहाटे गंगापूर रोडला हेल्मेटवाले दिसले की मी दुधाची पिशवी घेऊन बाजूला होतो, एवढाच माझा त्या जगाशी संबंध. पण मेहुणा म्हणाला, “दाजी, गाडीने काय, कुणीपण जातं.” बायकोसमोर म्हणाला. मग काय, निघालो.

पहाटे साडेचारला सातपूर सोडलं. त्र्यंबक रोडवरून मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय आणि तो रस्ता सपाट आहे असं माझं ठाम मत होतं. सायकलवर बसल्यावर कळलं की महिरावणीपासून पेगलवाडीपर्यंत तो कुठे ना कुठे चढतोच आहे. डोळ्याला दिसत नाही, मांड्यांना दिसतो. सूर्य मागून आला. अंजनेरीचा डोंगर आधी काळा, मग जांभळा, मग एकदम उघडाबोडका पिवळा झाला.

पाणी गार ठेवायची एक युक्ती मेहुण्याने शिकवली. बाटलीवर जुना सुती मोजा चढवायचा आणि तो ओला ठेवायचा. वाऱ्याने मोज्यातलं पाणी उडतं, उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. माठाचंच गणित. नाशिकच्या कोरड्या हवेत हे इतकं छान चालतं की त्र्यंबकपर्यंत मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो. घाट उतरून खाली गेल्यावर मोजा ओलाच राहिला आणि पाणी कोमट झालं. खाली हवेतच दमटपणा जास्त, मोज्यातलं पाणी उडणार कसं? हवा बदलल्याचं घामाच्याही आधी बाटलीने सांगितलं.

त्र्यंबकला चहा घेतला, ब्रह्मगिरीकडे बघून हात जोडले आणि पुढे निघालो. शाळेत पाठ केलेला भूगोल इथे पायाखाली येतो. गोदावरी इथे उगम पावते, अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारा माथा ओलांडला, तो खिंडीसारखा काही ठळक नव्हता. पेडल मारणं थांबवलं तरी सायकल थांबेना, एवढंच. तिथून पुढचं पावसाचं पाणी पश्चिमेला, वैतरणेच्या बाजूला. गाडीने जाताना ही जागा मला एकदाही कळली नव्हती.

तोरंगणचा घाट उतरताना मी ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर करून घेतली. मेहुणा ओरडत पुढे गेला. घाट संपताच माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

जादा ट्यूब होती. निघायच्या आदल्या दिवशी एका दुकानातून घेतलेली. पिशवीतून काढली तर तिचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा, रेसिंगच्या सायकलींना असतो तसला, आणि आमचा पंप जाड तोंडाचा. दुकानदाराने बघून दिली नाही हे खरं, पण मीही बघून घेतली नाही. दोन किलोमीटर सायकल ढकलत एका फाट्यावर गेलो. तिथे मोटारसायकलचे पंक्चर काढणारे एक काका होते. शेड म्हणजे चार बल्ल्या आणि एक जुना फ्लेक्स.

त्यांच्या घमेल्यातलं पाणी मी कधी विसरणार नाही. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं ते पाणी शाईसारखं काळं होतं. मेहुणा सहज म्हणाला, “काका, पाणी बदला की, काय दिसणार त्यात?” काकांनी वरही बघितलं नाही. “बुडबुडा दिसतो,” म्हणाले. पॅच बसवला, ट्यूब पुन्हा बुडवून खात्री केली, आणि बाहेर काढल्यावर तिच्यावरचं पाणी हाताने निपटून परत घमेल्यात सोडलं. थेंब थेंब. वीस रुपये घेतले.

त्यानंतर मला रस्त्यावर दुसरं काही दिसेनाच. हंडे घेऊन चाललेल्या बायका, विहिरीच्या कठड्याभोवती रांगेत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कळश्या, टँकरची वाट बघत सावलीला बसलेली पोरं. मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. पण खाली काळा कातळ, जमिनीला उतार, पडलं ते वाहून गेलं. मे महिन्यात वरच्या पाड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. हे वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

साडेदहाच्या सुमाराला आमच्या दोन्ही बाटल्या संपल्या होत्या. एका घरासमोर थांबलो. म्हातारी आजी ओट्यावर बसली होती. मागू की नको करत असतानाच ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. मी दोन घोट घेऊन परत दिला, तर म्हणाली, “पी की पोटभर. उन्हाचं आलात.” प्यायलो. बाटली मात्र पुढे करवली नाही. मेहुणा, जो दिवसभर तोंड बंद ठेवत नाही, तो मोखाडा गाव येईपर्यंत गप्प होता. तिथे दुकानातून पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या.

अकरा ते चार सायकल चालवायची नाही, हा आमचा एकमेव नियम. तो तुम्हीही पाळा. ती दुपार एका आंब्याखाली काढली. शेजारी दोन मुली पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसल्या होत्या. दहा रुपयांना एक द्रोण. आम्ही सहा खाल्ले, मग चिकाने ओठ एकमेकांना चिकटले.

तिथून उतारावरची शेतं दिसत होती. भाजलेल्या तपकिरी जमिनीत मधेच काळेभोर चौकोन. मेहुण्याला वाटलं वणवा लागून गेला. ते राब होते. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात आणि पावसाच्या तोंडावर तिथेच भाताचं बी टाकतात. घराघरांपुढे सरपण रचून झालं होतं, एकजण छपरावर चढून कौलं चाळत होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, आणि सगळं गाव पावसाच्या तयारीत.

जव्हारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोरून पश्चिमेचा वारा घेत संध्याकाळी पोहोचलो, राजवाडा लांबून बघितला, लॉजवर पडलो.

परतीला तोच वारा पाठीवर होता, पण तोरंगणचा घाट अंगावर आला. काल सात-आठ मिनिटांत उतरलेला घाट चढायला तासाच्या वर लागला, त्यातला निम्मा मी पायी. मेहुणाही उतरून चालला, पण घरी हे सांगायचं नाही असं ठरलंय. (त्याची बहीण हे वाचत नाही.) त्याआधी, आजीच्या घरापर्यंत, कॅरिअरला पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधला होता, त्यामुळे वाटेतले चढही जड गेले होते. आजीच्या घराशी थांबलो तेव्हा दाराला कडी होती. कॅन ओट्यावर ठेवला आणि निघालो. तिला तो मिळाला की वाटेतल्या कुणाला, माहीत नाही.

तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी ट्यूबचा वॉल्व्ह आणि पंपाचं तोंड एकदा जुळवून बघा. ती बारीक वॉल्व्हची ट्यूब माझ्याकडे अजून नवीकोरी पडून आहे, कुणाला हवी असेल तर सांगा. काकांचा पॅच लावलेली मागच्या चाकात आहे.