दिवसाला दोनशे

अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर तुझा तो कागद मी पुन्हा नीट वाचला. पहिल्या दिवशी इंदूर ते जयपूर, दुसऱ्या दिवशी चंडीगढ, मग मनाली, लेह, आणि परतताना थेट खाली कन्याकुमारी. चाळीस दिवसांची रजा, चाळीस रकाने, एकही रिकामा नाही. आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, ‘बंड्याला न्यायचं का?’

हाच प्रश्न विचारताना तुझा आवाज गेला, म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडते आणि मुद्दा राहून जातो.

फिरावं की नाही, पोरीनं एकटीनं पलंग-गॅस बसवलेली ट्रॅव्हलर मिनीबस चालवावी की नाही, असले प्रश्न तू माझ्यापुढे मांडलेच नाहीस, त्याचं बरं वाटलं. त्यावर बोलायला इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत माणसं पुष्कळ आहेत.

तर बंड्या. अकरा वर्षांचा लॅब्रॅडोर, मागचे पाय आखडलेले. धाकटी दीड वर्षाची, देशी, तिला चंद्रावर नेलंस तरी चालेल. तुझे बाबा म्हणतात, म्हाताऱ्याला आमच्याजवळ ठेव. डॉक्टर म्हणतात, नेता येईल, पण जपून. आता या दोघांतलं कोण बरोबर, यावर तू झोप घालवतेयस. अगं, पण दोघांनाही तू प्रश्न अर्धाच विचारलास. रोज किती किलोमीटर, हे सांगितलंस का त्यांना?

दिवसाला दोनशे. त्यावर एक नाही.

मला माहीत आहे तू हसशील. सगळेच हसतात. माझे दीर म्हणायचे, वहिनी, तुमच्या आधी नर्मदेची परिक्रमावाली मंडळी पोचतील. पोचू देत. पहाटे पाचला निघायचं, दोन तासांनी थांबून दोघांना उतरवायचं, पाणी, शी-शू, थोडं हिंडणं, मग उरलेलं अंतर. साडेदहाच्या आत गाडी झाडाखाली. इंदूरहून दक्षिणेकडे निघालीस तर पहिल्या दिवशी शिरपूरच्या आसपास, उत्तरेकडे निघालीस तर ब्यावरा. ग्वाल्हेर तिसऱ्या दिवशी. लोक ग्वाल्हेरला एका दिवसात पोचतात म्हणतेस? पोचू देत. त्यांच्या मागच्या सीटवर बंड्या नसतो.

दोनशेच का, दीडशे का नाही, अडीचशे का नाही, हे तू विचारणारच. पंचावन्न-साठच्या वेगानं, थांबे धरून, दोनशेला सकाळ पुरते. अडीचशे म्हटलं की बारा वाजतात, आणि बारा वाजता आपल्याकडे उन्हात काय होतं ते तुला इंदूरमध्ये राहून मी सांगायला नको. बाहेर ३५ अंश असताना उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत ४५ होतं, अर्ध्या तासात ५० च्या वर जातं. काच दोन बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना येतो तेवढाच. बाकी सगळा कारभार जिभेवर आणि धापेवर. बाहेरची हवाच गरम आणि दमट असली तर धाप टाकून उपयोग काय?

तू म्हणालीस, एसी आहे ना काकू. कशावर चालणार तो? तुझ्या त्या गाडीवाल्यानं २०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी सांगितलीय. गुणाकार कर. २,४०० वॅट-तास. छोटा एसी बाराशे वॅट घेतो, म्हणजे कागदावर दोन तास. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे एक तास. छतावरचं चारशे वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसभरात दीड-दोन युनिट देतं. त्या भरवशावर तू दोघांना गाडीत ठेवून किल्ला बघायला जाणार होतीस, कागदावर तसं स्पष्ट लिहिलंय. ते खोड. छताला फिरता पंखा, पत्र्याखाली जाड इन्सुलेशन, आणि सावली. किल्ला बघायचाच असला तर कुणी तरी सोबतीला घ्यायचं आणि आळीपाळीनं जायचं. एकटी असशील तर किल्ला राहू दे.

थर्मामीटर जवळ ठेव, आपला साधा डिजिटल. कुत्र्याचं नेहमीचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ दिसलं की गाडी बाजूला. साधं पाणी ओतायचं, पोटावर, मांड्यांत, पंजांवर, आणि वारा घालायचा. बर्फ नको. १०३ वर आलं की ओतणं थांबवून डॉक्टर गाठायचा.

आता लेह. इथेच तुझा कागद मला सगळ्यात जास्त खटकला. मनालीकडून रस्ता उघडतो मे-जूनमध्ये, म्हणून तू निघणार मेच्या अखेरीस. वर गार, हे खरं. पण त्या गारव्यापर्यंत पोचायला कोटा, जयपूर, चंडीगढ हे सगळं तू वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात ओलांडणार. माणसं पहाड बघून बेत आखतात आणि मधलं मैदान विसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी. राहिला सप्टेंबर. आणि सप्टेंबरातसुद्धा बंड्यानं लेहला जाऊ नये, हे मी आत्ताच सांगते.

आम्ही मनाली-लेह रस्त्यावर जिस्प्यापर्यंत गेलो होतो. तुला हे अर्धवट माहीत आहे, पूर्ण सांगते. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही. त्यानं सोय झाली, पण मनालीच्या दोन हजार मीटरवरून तुम्ही तासा-दीड तासात तीन हजारांवर जाता, आणि शरीराला कुणी विचारत नाही. जिस्पा बत्तीसशेच्या आसपास. आमचा कुत्रा ढब्बू तेव्हा दहा वर्षांचा. जेवला, शेपूट हलवली, झोपला. रात्री मला जाग आली ती त्याच्या श्वासानं. बाहेर भागा नदीचा आवाज, आत हेडलॅम्पचा उजेड, आणि मी ह्यांचं घड्याळ काढून घेऊन त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून बसले. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवा. चव्वेचाळीस. परत मोजला, बेचाळीस. हिरड्या दाबून बघितल्या, रंग परतायला वेळ लागत होता. पहाटे गाडी वळवली. मनालीला पोचल्यावर संध्याकाळपर्यंत तो पंचविसावर आला आणि पराठ्यासाठी भुंकला.

पुढे बारालाचाची खिंड होती, सरचू होतं, तंगलंगलाची खिंड तर पाच हजार मीटरच्या वर. हे म्हणाले, तू ढब्बूला घेऊन इथे थांब, मी टॅक्सीनं जाऊन येतो. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं हे त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, अजूनही धड येत नाही. निघालो होतो सगळे, तर सगळे. टीव्हीवर पँगाँग दिसलं की हे माझ्याकडे न बघता आवाज वाढवतात. वाढवोत. लेह राहिलं, ते मलाही लागतं. कुणी लडाखचे फोटो दाखवले की मी आधी कुठे बर्फ आहे ते बघत नाही, गाडीच्या आसपास कुत्रा दिसतो का ते बघते. पण त्या रात्री आमच्यामागे सहाशे-सहाशे किलोमीटरचे दिवस पडलेले असते, तर माझ्याच अंगात त्राण नसतं, मी घोरत पडले असते. तो श्वास ऐकू आला कारण आदल्या दिवशी आम्ही दुपारी झोपलो होतो. म्हणून म्हणते, दोनशे. हा हट्ट म्हण, चक्रमपणा म्हण, तुझ्या बाबांनी म्हटलेलंच आहे.

आणि चालवणारीचंही बघ. मानपूरच्या पुढे गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक किती वेळा गेलेत हे तू वर्तमानपत्रात वाचत मोठी झालीस. भरलेली ट्रॅव्हलर उताराला वेगळी वागते: पाण्याची टाकी, गॅस, पलंग, दोन कुत्री. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. हे दमलेल्या माणसाला आठवत नाही.

बाकीचं पटापट सांगते. गोचीड. दररोज संध्याकाळी, दमली असलीस तरी, बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या घडीत, पट्ट्याखाली हात फिरवायचा. ढाब्याच्या अंगणात, पंपामागच्या गवतात ती हमखास. गोचिडाचा ताप चावल्याबरोबर येत नाही, दोन-तीन आठवड्यांनीही येतो; खाणं सुटलं, मरगळ आली, नाकातून रक्त दिसलं, की रक्त तपासून प्लेटलेट बघायला सांग. तोवर तू दुसऱ्या राज्यात असशील आणि डॉक्टरला तुझा प्रवास माहीत नसेल, तो तू सांगायचास. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लशी निघायच्या महिनाभर आधी, कार्ड गाडीत. जंगलाच्या कडेला तर यांना उतरवूच नकोस. बिबट्याचं सोड, २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि तो रोग कुत्र्यांचा. आपली दोघं तिथे पाहुणी, नसते प्रसाद वाटत फिरू नयेत.

पोहे! हे महत्त्वाचं. आपल्याकडची माणसं प्रेमळ, भिया, कुत्तेको भी खिलाओ, म्हणून वरचा कच्चा कांदा, जिरावन मसाला सगळ्यासकट द्रोण पुढे करतात. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नको. मोडकं-तोडकं हसून नाही म्हणायला शिक. मला ते जमत नाही, मी ओरडते.

आणि त्या बॉडीवाल्यानं ‘कागद नंतर बघू’ म्हटलंय ना, तिथे ठाम राहा. गाडीच्या रचनेत बदल केला की आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीत नोंद नाही आणि वाटेत काही झालं, तर विमावाला पहिलं तेच काढील. आमच्या वेळी एकानं असंच गोड बोलून गॅसचा नळ पलंगाखालून नेला होता, मी तो सगळा काढायला लावला. गाडी इथेच पीथमपूरला बनते, सुट्या भागांची तुला कमी नाही; सुतारकाम घाईत करून घेऊ नकोस. कॅराव्हॅनचं धोरण आलंय, जागोजागी पार्क असतील, असं तुला कुणी सांगितलं? केंद्राचं २०१० मध्ये आलं, महाराष्ट्राचं आणि केरळचं २०२१ मध्ये. केरळातल्या वागमणसारखे पार्क हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तू झोपणार आहेस पेट्रोलपंपावर. मॅनेजरला आधी विचारायचं, डिझेल तिथेच भरायचं, कुत्री साखळीला, आणि तिथल्या मूळ कुत्र्यांच्या मालकीचा कोपरा सोडून गाडी लावायची.

मग बंड्याला न्यायचं का? ने. नोव्हेंबरात ने, दक्षिणेला ने, आणि कन्याकुमारी गाठायचीच असं ठरवू नकोस. चाळीस दिवसांतले दहा नुसते पडून राहायला ठेव. उरलेल्या तिसांना दोनशेनं गुण, सहा हजार होतात, त्यात जाणं-येणं आरामात बसतं. निघण्याआधी महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेऊन त्याचं हृदय आणि रक्त तपासून घे. तिथे काही निघालं तर बेत सोड, तेव्हा माझ्याकडे रडायला ये, मी काही बोलणार नाही. पण नुसता म्हातारा आहे म्हणून मागे ठेवू नकोस. दारात बसून राहील तो. तुझे बाबा त्याला जीव लावतील, पण फिरवायला नेतात दहा मिनिटं, ते मी बघितलंय. आणि तुला सहाशेचाच दिवस हवा असेल, दोस्तांना दाखवायला, रील करायला, तर दोघांनाही घरी ठेव, कार घे आणि जा. त्यालाही माझी ना नाही. दोन्ही एकदम नाही होणार.

ढब्बूचा रॅम्प माळ्यावर आहे. फळी सहा फुटी आहे, वर रबराची चटई ठोकलीय, ती एका बाजूनं सुटलीय तेवढी बघून घे. बंड्याला आतापासून रोज चढ-उतर करायला लाव, उडी मारू देऊ नकोस. रविवारी सकाळी ये, सोबत कुणाला तरी आण, एकटीला उचलायचा नाही. बाबांशी मी बोलते, त्यांना म्हणावं संध्याकाळी फोन करा, दुपारी दोन ते चार मी उचलत नाही.

तुझी,
काकू