मत देण्याआधी मीटर मोज

प्रिय मित्रा,

कार्यक्रमांत लोकांना दाखवायच्या मराठी सिनेमांची तुझी यादी मिळाली. चौदा सिनेमे आणि प्रत्येकापुढे एकच शेरा, ‘अंडररेटेड’. तो शेरा आधी खोडून टाक. दुर्लक्ष कोणी केलं, कधी केलं आणि कशामुळे केलं हे त्याच ओळीत लिहिता येत नसेल, तर त्याचा अर्थ ‘मला आवडला आणि माझ्या मित्रांना माहीत नाही’ एवढाच उरतो. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर कोणी रविवारची दुपार तुझ्या हवाली करणार नाही.

‘एक होता विदूषक’ घे. साल १९९२, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, लेखन पु. ल. देशपांडे यांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जाणकारांनी कौतुक केलं. मग दुर्लक्ष झालं ते कुठे? तिकीटबारीवर. लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की हसायची तयारी करून बसणाऱ्या प्रेक्षकाला इथे तमाशातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात ओढला जाणारा, आतून रिकामा होत जाणारा सोंगाड्या भेटला. लोक ज्या लक्ष्यासाठी आले होते, तो पडद्यावर नव्हताच. आता शेरा लिही : ‘तिकीटबारीवर पडला, नटाच्या ठरून गेलेल्या प्रतिमेमुळे.’ हे वाचून माणूस निदान विचारेल तरी, की बेर्डे गंभीर भूमिकेत कसे दिसतात?

‘सामना’चा प्रकार निराळा. हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा त्यातला प्रश्न सिनेमा न पाहिलेले लोकही बोलताना वापरतात. त्याला दुर्लक्षित म्हणणं चूक आहे. नाव सगळ्यांना माहीत, पण शेवटपर्यंत पाहिलेले थोडे, अशा सिनेमांसाठी वेगळा रकाना कर. तिसरा रकाना ‘संत तुकाराम’सारख्यांचा : भरपूर पाहिलेले, पण एकाच बाजूने. चमत्कारांसाठी आणि अभंगांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला, पण त्याला जमिनीवर ठेवते ती गौरी यांनी केलेली जिजाई. पोर आजारी पडल्यावर ती पायातली वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला जाते. तो प्रसंग एकदा नीट पाहा. तिच्या रागात भक्तीचा लवलेश नाही, आणि तरी त्या देवळात देवाशी सगळ्यात जवळचं नातं तिचंच वाटतं. १९३६च्या सिनेमातली ही बाई आजही शिळी झालेली नाही. टिकाऊपणा म्हणतात तो माझ्या मते हा. ट्रिक सीन जुने होतात, जिजाई होत नाही.

आता मुख्य मुद्दा. यादीत सात ठिकाणी ‘थोडा तुटक वाटतो’ असं लिहिलं आहेस. सिनेमा तुटक आहे की तू पाहिलेली प्रत? जुन्या मराठी सिनेमांच्या ज्या प्रती सहज मिळतात, त्यांतल्या बऱ्याच व्हीसीडीवरून किंवा टीव्हीसाठी कापलेल्या कॅसेटवरून आलेल्या असतात. म्हणून मत देण्याआधी मोजणी कर.

सिनेमाच्या सुरुवातीला काही सेकंद सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. तिथे थांबव. त्यावर लांबी मीटरमध्ये (फार जुन्या सिनेमांत फुटांत) आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. तेव्हा मीटरला २७.४ने भाग, की खरी मिनिटं मिळतात. ४००० मीटरचा सिनेमा १४६ मिनिटांचा. तुझी प्रत १४६ दाखवत असेल तर छान. १२० दाखवत असेल तर पाव तासाहून जास्त ऐवज कुणीतरी कापलाय, आणि तुटकपणा दिग्दर्शकाच्या नावावर टाकता येत नाही.

१४० दाखवत असेल तर मात्र काही कापलं असेलच असं नाही. आपल्याकडचं टीव्हीचं जुनं तंत्र सेकंदाला २५ चौकटींचं. त्यावर उतरवताना २४ चौकटींचा सिनेमा चार टक्के वेगाने पळवला जायचा. माणसं किंचित लगबगीने चालतात आणि गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ सरकतं. घरात पेटी असेल तर मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून बघ, लगेच कळेल. संगणकावर सिनेमा चालवणाऱ्या व्हीएलसी या प्रोग्राममध्ये वेग ०.९६ कर आणि ऑडिओच्या सेटिंगमधला ‘टाइम-स्ट्रेचिंग’ हा पर्याय बंद कर. तो चालू राहिला तर वेग उतरतो, पण स्वर चढलेलाच राहतो.

दुसरी तपासणी गाण्यांची. पूर्वी थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तिका विकत मिळायची, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजूनही सापडते. पुस्तिकेतली गाणी मोज, प्रतीतली मोज. कात्री लागली असेल तर बहुतेक वेळा ती गाण्यावरच लागलेली असते, आणि गाण्याबरोबर त्याच्या आधीचा अर्धा प्रसंगही जातो. मग पुढच्या दृश्यात पात्रं एकमेकांवर का रुसली आहेत ते कळत नाही आणि आपण पटकथेला नावं ठेवतो.

तिसरी तपासणी आकाराची. जुना सिनेमा साधारण चार रुंद, तीन उंच अशा चौकटीत घेतलेला. आजच्या रुंद पडद्यावर तो ताणून भरला की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि सडपातळ नटी गुबगुबीत दिसते. चित्रात एखादी गोल वस्तू शोध, घड्याळाची तबकडी, पाटा-वरवंट्याशेजारची परात, बैलगाडीचं चाक. अंडाकृती दिसली तर व्हीएलसीमध्ये ‘ए’ हे अक्षर दाबत जा, गोल होईपर्यंत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच असू देत. ताणण्याऐवजी वरून-खालून कापलं असेल तर मात्र इलाज नाही. श्रेयनामावली पाहा. वरच्या ओळीची डोकी किंवा खालच्या ओळीचे पाय छाटलेले दिसले तर पुढे माणसांचीही डोकी छाटलेली असणार. ती प्रत सोडून दे.

घड्याळावरून आठवलं, ‘कुंकू’ यादीत का नाही? १९३७, प्रभात, व्ही. शांताराम. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. म्हाताऱ्याशी फसवून लावून दिलेलं लग्न नाकारणारी नीरा शांता आपटेंनी केली आणि तो म्हातारा केशवराव दात्यांनी. भिंतीवरचं जुनं घड्याळ त्या म्हाताऱ्याची सावली असल्यासारखं सिनेमाभर वावरतं. सगळ्यात धाडसाची गोष्ट आवाजाची आहे. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. टिकटिक, पावलं, दार, भांडी एवढंच ऐकू येतं, आणि गाणंसुद्धा ग्रामोफोनसारख्या घरातल्याच वस्तूच्या आधाराने येतं. मराठी बोलपट येऊन सहा वर्षंही झाली नव्हती आणि सगळे जण व्हायोलिनं भरत होते, तेव्हा शांतारामांनी ती बंद ठेवली. आज ‘वास्तववादी साउंड डिझाइन’ म्हणून ज्याची वाहवा होते ते पुण्यात तेव्हाच झालं होतं. एवढं असूनही गप्पांत शांताराम निघाले की लोक त्यांच्या नंतरच्या रंगीत नाचांवर येऊन थांबतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

‘कुंकू’ दाखवायचा म्हणजे खोलीची तयारी जास्त. छताचा पंखा आणि प्रोजेक्टरचा पंखा मिळून ती टिकटिक गिळून टाकतात. पंचवीस-तीस माणसांच्या खोलीत प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे ठेव. पंखे सिनेमाआधी अर्धा तास जोरात चालव आणि सुरू होताना कमीत कमी वेगावर आण. शक्य असेल तर कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीतच घे. फरशी उघडी असेल तर आवाज घुमतो आणि जुने संवाद कळत नाहीत, म्हणून दोन जाड सतरंज्या आणि मागच्या भिंतीला एक पडदा हवा. आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणारा असतो, त्यामुळे स्पीकर कोपऱ्यांत नको, पडद्याला लागून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेव. सराउंड, बास बूस्ट वगैरे सगळं बंद. ‘सामना’त तर हे फारच महत्त्वाचं, कारण निळू फुल्यांचा हिंदुराव धमकी देताना आवाज चढवत नाही, उतरवतो. बास वाढवलास की तेच शब्द पुटपुटल्यासारखे ऐकू येतात आणि डॉ. लागूंच्या मास्तरबरोबरची जुगलबंदी एकतर्फी वाटते. टीव्हीवर दाखवणार असशील तर ‘मोशन स्मूदिंग’ (मधल्या बनावट चौकटी घालणारी सोय) बंद कर, नाहीतर सगळा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

सिनेमा सुरू होण्याआधी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नकोस. ‘कुंकू’च्या वेळी एवढंच सांग, की पार्श्वसंगीत मुद्दाम नाही. सांगितलं नाहीस तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी उठून स्पीकरची वायर तपासेल. चर्चेत ‘कसा वाटला?’ हा प्रश्न टाळ, त्यावर ‘छान’च येतं. ‘कोणता आवाज लक्षात राहिला?’ असं विचार.

‘विहीर’ पहिल्याच कार्यक्रमाला लावू नकोस. सिनेमा अप्रतिम आहे. उमेश कुलकर्णींनी २००९ साली केलेला, नात्याने भाऊ असलेली दोन पोरं, लपाछपी, पाणी आणि मग कुणाच्या तरी नसण्याचा लांबलचक शोध. पण त्याला मिट्ट काळोख लागतो आणि सवय झालेले प्रेक्षक लागतात. दुपारी पडद्याच्या फटीतून ऊन येत असेल तर विहिरीतला अंधार राखाडी दिसतो आणि लोक मोबाइल काढतात. तो तिसऱ्या-चौथ्या वेळी, रात्री आठनंतर लाव.

परवानगीचं राहिलं. घरी चार मित्र जमवणं वेगळं, पण सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट नसलं तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. महिनाभर आधी पत्र पाठव, त्यात सिनेमाचं नाव, तारीख, जागा, अंदाजे संख्या आणि ‘प्रवेश विनामूल्य’ हे स्पष्ट लिही. ‘एक होता विदूषक’ एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) निर्मिती आहे, त्यामुळे पत्र कुणाला लिहायचं हा प्रश्न तिथे सुटतो. म्हणून सुरुवात त्याच सिनेमाने कर असं मी म्हणेन.

यादी परत पाठवताना प्रत्येक सिनेमापुढे तीन गोष्टी हव्यात : प्रमाणपत्रावरचे मीटर, तुझ्या प्रतीची मिनिटं, आणि दुर्लक्षाचं कारण एका ओळीत. पाचव्या क्रमांकाचा सिनेमा मोजल्यावर बहुतेक यादीतून जाईल असा माझा अंदाज आहे, पण आधी मोज.

तुझा,
एक जुना प्रेक्षक