जुनाट वेदनेमुळे झालेल्या आत्महत्येच्या बातमीत वेदना हेच कारण म्हणून द्यावं का?

'वेदनेला कंटाळून जीवन संपवलं' असा मथळा मला चुकीचा वाटतो. काहींचं म्हणणं असं की कारण लपवलं तर अशा रुग्णांचे हाल कुणाला कळणारच नाहीत. त्यात तथ्य आहे. जुनाट वेदना असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढं ऐकून त्यांना कित्येकदा परत यावं लागतं. हे छापून आलंच पाहिजे.

पण एकच कारण दिलं की तेच दुखणं सोसणारा वाचक त्यात स्वतःचा शेवट वाचतो. प्रत्यक्षात मोडलेली झोप, नैराश्य, एकटेपणा, पैशाची ओढाताण असं बरंच गुंतलेलं असतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. व्हिएन्नात १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी भडक वर्णनं थांबवली, त्यानंतर भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. म्हणून पद्धत आणि चिठ्ठीचा मजकूर नको. मदतीचे क्रमांक हवेत, सावरलेल्या माणसांच्या हकिगती हव्यात.

तुम्ही स्वतः या वेदनेत असाल, तर मरणाचे विचार येतात हे आजच डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला स्पष्ट सांगा. उपचार ठरवताना त्यांना हेही माहीत असायला हवं.