वाचा-उपचार व्यवसायाच्या पुढील १० वर्षांचे नियोजन कोठून सुरू करावे?

आपल्या विभागाचा १० वर्षांचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि सुरुवात मनुष्यबळापासून करावी, तंत्रज्ञानापासून करावी की निधीपासून, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या तिन्हींपैकी कशापासूनही करू नये. ज्यांना बोलण्यात, भाषेत किंवा गिळण्यात अडचण आहे, अशा व्यक्तींना पहिल्याच बैठकीला बोलवावे आणि त्यांना खरोखर भाग घेता येईल अशा रीतीने ती बैठक चालवावी. मी हे इतक्या आग्रहाने लिहिते, त्यामागे एक जुना प्रसंग आहे.

मला नोकरीत ४ वर्षे झाली असताना आमच्या विभागाने असाच आराखडा करायला घेतला होता आणि समितीत मी सर्वांत कनिष्ठ होते. पक्षाघातानंतर वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरण्यात येणारी अडचण, असलेल्या एका गृहस्थांना समितीवर घ्यावे, असे मी सुचवले. समोरच्याचे बोलणे त्यांना बहुतांशी समजत असे. स्वतःचे बोलणे मात्र एक-दोन शब्दांपुढे जात नसे. अध्यक्ष म्हणाले, “ज्यांना बोलता येत नाही, ते बैठकीत येऊन काय सांगणार? त्यांच्या पत्नीला बोलवू, त्या सांगतील.” मी हट्ट सोडला नाही आणि अखेर त्यांना निमंत्रण गेले.

त्या बैठकीत आम्ही जे केले, ते कोणत्याही विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिले असते तर आम्ही त्याला नापास केले असते. ३८ पानांचा मसुदा त्यांना आदल्या संध्याकाळी मिळाला. बैठकीत दोघे-तिघे एकाच वेळी बोलत होते, विषय झपाट्याने बदलत होते, आणि फळ्यावर कोणी एक शब्दही लिहिला नाही. शेवटी अध्यक्षांनी त्यांना काही सांगायचे आहे का, असे विचारले. त्यांनी मसुद्यातील एका पानावर बोट ठेवले आणि “नंतर… नंतर…” असे म्हटले. ‘नंतर बोलू’ असा त्याचा अर्थ घेऊन अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा विषय काढला. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे ‘सूचना नाही’ अशी नोंद झाली. मी समोर बसले होते आणि गप्प राहिले, याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मी तेच पान घेऊन त्यांच्याजवळ बसले. ‘उपचार’, ‘घर’, ‘काम’, ‘मित्र’ असे शब्द ठळक अक्षरांत लिहिले, ‘हो’ आणि ‘नाही’ वेगवेगळ्या कागदांवर लिहून ठेवले, एक कोरा कागद पुढे सरकवला आणि थांबले. मसुद्यातील त्या पानावर रुग्णाच्या प्रवासाची आकृती होती व ती ‘उपचार समाप्ती’ या चौकटीपाशी संपत होती. त्यांनी डाव्या हाताने त्या चौकटीपासून कागदाच्या कडेपर्यंत एक लांब रेघ ओढली, ‘मित्र’ या शब्दावर बोट ठेवले, मग ‘नाही’वर, आणि पुन्हा “नंतर” म्हणाले. उपचार थांबल्यावरचे सारे आयुष्य आमच्या आराखड्यात नव्हते, हे समजायला मला ४० मिनिटे लागली. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांना वाचाघात होतो आणि त्यांतील अनेकांना तो कायमची सोबत करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मान्य केलेले कार्यक्षमतेचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण व्यक्तीच्या रोजच्या जीवनातील सहभागाला महत्त्व देते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही आराखड्यात आम्ही मोजणार होतो ती सत्रांची संख्या आणि चाचण्यांतील गुण.

मी त्या दिवशी वापरलेली रीत माझी नव्हे. वाचा-उपचारतज्ज्ञ ऑरा कॅगन यांनी कॅनडातील टोरांटो येथे विकसित केलेली आधारयुक्त संभाषणाची पद्धत याच धाटणीची आहे, आणि आपण ती रुग्णांच्या नातेवाइकांना शिकवतोच. नियोजनाच्या बैठकीत ती वापरण्याचे आपल्यालाच सुचत नसेल, तर आपण मांडलेले भविष्य कोणी का मानावे? पत्नीने सांगितले तर पुरे, हे अध्यक्षांचे म्हणणे मला तेव्हाही चुकीचे वाटले होते. त्यांच्या पत्नीशी मी पुढे बोलले, तेव्हा त्यांनी घरी येणारा उपचारतज्ज्ञ हवा असे सांगितले. ती गरज खरी होती, पण पतीचे म्हणणे वेगळे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. रुग्णालयातील कामाचा मोठा वाटा आता गिळण्याच्या तक्रारींचा असतो, त्यामुळे मनुष्यबळाचा हिशेब करताना संवादाच्या कामासाठीचा वेळ आधीच राखून ठेवावा. तो उरेल या आशेवर सोडू नये. भाषाविकासाचा विकार साधारण ७ टक्के मुलांमध्ये आढळतो, म्हणजे ३० मुलांच्या वर्गात सुमारे २ मुले, आणि त्यांतील अनेक ओळखली जात नाहीत. म्हणून पदे रुग्णालयाइतकीच शाळांमध्येही हवीत. बोलणे ओळखणारी संगणकप्रणाली अस्पष्ट उच्चारांपाशी अडखळते. ती स्वीकारण्यापूर्वी असे बोलणाऱ्यांकडून तपासून घ्यावी.

अर्थात, आकलनाची हानी तीव्र असेल तर केवळ शब्द लिहून भागत नाही आणि तेथे जवळच्या माणसांवर अधिक विसंबावे लागते. एका व्यक्तीला बोलावून सर्वांचे प्रतिनिधित्वही होत नाही. अडखळत बोलणाऱ्यांपैकी अनेक जण तर अस्खलित बोलणे हेच उद्दिष्ट का असावे, असा प्रश्न विचारतात. आणि पदांच्या आकडेवारीविना निधी मिळत नाही, हा आमच्या अध्यक्षांचा मुद्दा बरोबर होता, हेही मला मान्य आहे.

तरीही पहिली बैठक मी सांगितली तशीच घ्यावी. मसुदा निदान २ आठवडे आधी, मोठ्या अक्षरांत, एका पानावर एकच मुद्दा अशा रूपात पाठवावा आणि एका वेळी एकानेच बोलावे. इतिवृत्तावर सही होण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या नावापुढील नोंद तिला दाखवून ‘आपल्याला हेच म्हणायचे होते का’, असे विचारून घ्यावे. ‘सूचना नाही’ ही नोंद बदलावी, असे मी तेव्हा लेखी कळवले होते. इतिवृत्त मंजूर झाले आहे, असे उत्तर मला मिळाले.