नाशिकच्या वायनरीत टेस्टिंग करताना कोणती वाईन पैसे मोजण्यासारखी आहे, हे कसे ओळखावे?

पाच-सहा वाईन चाखून झाल्यावर साधी बाटली घ्यावी की दुपटीहून महाग 'रिझर्व्ह', म्हणजे बहुधा ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली, असे आपण विचारले आहे. साधी घ्यावी. कारण सांगताना माझ्या साडूंचा विषय निघणार, त्याला इलाज नाही; सहा वर्षे आमच्यात हाच वाद चालू आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यातल्या दोन एकरांवर वडिलांनी करारावर शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाईनची द्राक्षे लावली होती. खाण्याच्या द्राक्षात मणी किती फुगला ते पाहतात, वाईनच्या द्राक्षात साखर आणि आंबटपणा यांचा मेळ पाहतात. त्यामुळे फेब्रुवारीत वडील रोज सकाळी चार ओळींतले मणी वेचून त्यांचा रस साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळत, तो उजेडाकडे धरून डोळ्याला लावत आणि आकडा 22 च्या वर गेल्याशिवाय घडाला कात्री लावू देत नसत.

मे महिन्यात साडू पुण्याहून आले तेव्हा मी त्यांना एका वायनरीत घेऊन गेलो. शेनिनचा पहिला घोट घेताच ते म्हणाले, "अहो, हे तर सरबत आहे!" ग्लास इतका गार होता की बाहेरून दव धरले होते, आणि एवढ्या गारव्यात कोणत्याही पांढऱ्या वाईनचा वास उठत नाही. ग्लास पाच मिनिटे तळहातात धरा म्हणून मी विनवत होतो, तोवर समोरच्या मुलाने शिराझ ही रेड ओतली. ती उघड्या व्हरांड्यात दुपारपासून ठेवलेली, म्हणजे कोमट. नाकात आधी अल्कोहोलच शिरले. साडूंना तोच तिचा जोर वाटला. मग 'बारा महिने फ्रेंच ओकच्या पिंपात' हे वाक्य कानावर पडले आणि त्यांनी अठराशेची रिझर्व्ह शिराझ घेतली, एक नव्हे, दोन. मी त्याच वायनरीची आठशेची शिराझ घेतली.

रात्री घरी मटणाबरोबर दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडल्या. साडूंनी रिझर्व्ह अचूक ओळखली, हे मान्य केले पाहिजे. ओकमुळे येणारा व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास लपत नाही. परंतु जेवण संपले तेव्हा आठशेची बाटली रिकामी होती आणि रिझर्व्ह निम्मी उरली होती. ओतून घेणारे बहुतेक वेळा साडूच होते. त्यांच्या मते यातून काहीही सिद्ध होत नाही. माझ्या मते वाईनची किंमत ठरवण्याची याहून चांगली रीत नाही.

हिशेब पाहा. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात, मग ती साधी असो वा रिझर्व्ह. नेहमीच्या 225 लिटरच्या पिंपातून जेमतेम 300 बाटल्या निघतात, पीप परदेशातून येते आणि भरलेला माल वर्षभर अडकून पडतो. वरचे पैसे मुख्यतः त्याचे असतात. ते लबाडीचे नाहीत, पण ज्याला लाकडाची चव आवडत नाही त्याने ते का भरावेत?

आपण गेल्यावर एवढे करा: बाटली आज उघडली की काल, हे विचारा, पांढरीचा गारठा थोडा जाऊ द्या, तीन रेड झाल्यावर जीभ तुरटते, तेव्हा पाणी पिऊन पहिली वाईन पुन्हा मागा. शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईन घेताना लेबलवरचे साल जितके अलीकडचे तितके बरे.

मी शेनिनच्या बाजूने झुकलेला आहे, हे लक्षात घेऊन वाचावे. काही रिझर्व्ह दोन-तीन वर्षे नीट ठेवल्या तर खरोखर उजळतात. तेवढा धीर मला नाही. उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन लहान बाटलीत महाग वाटते, पण तिथे मी हात आखडत नाही.

साडूंची दुसरी रिझर्व्ह मात्र डिक्कीतून पुण्याला गेली. वाटेत नारायणगावला जेवायला म्हणून गाडी दोन तास उन्हात उभी होती. दिवाळीत बाटली उघडली तर चव शिजवलेल्या मनुकांची, आणि तेव्हापासून 'नाशिकची वाईन टिकत नाही' हे ते प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. आपण उन्हाळ्यात येणार असाल तर झाकणाचा थर्माकोलचा खोका बरोबर आणा.