सुपरबर्डचा डबा उघडण्याआधी

अगं,

मेसेज वाचला तुझा, डब्याचे फोटोपण बघितले. गाडीच्या प्लॅस्टिक मॉडेलचं पहिलंच किट आणि तेही १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, म्हणजे सुरुवातच जोरात केलीस, पण घेतलंस ना आता, मग करूच. तू विचारलंस की कोणता निळा घेऊ आणि बाकी काय काय सामान लागेल, त्याचं उत्तर मी दोन ओळीत देऊ शकलो असतो. पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला लागते ती तू ठरवलेलीच नाहीस, की नेमकी कोणती सुपरबर्ड? शोरूममधून कोणीतरी घरी नेलेली, की रेसची? आणि रेसची असेल तर कोणाची आणि कुठल्या रेसची? हे ठरेपर्यंत डब्यातला एकही भाग सांगाड्यातून, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला भाग जोडलेले येतात तिच्यातून, कापू नकोस.

आता यात एवढं काय, असं वाटेल तुला. तर बघ. ही गाडी जन्मालाच आली नॅस्कारसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेससाठी. रेसमध्ये उतरवायची तर तीच गाडी लोकांना विकायलाही काढा असा नियम, आणि १९७० साठी हिशोब होता दर दोन डीलरमागे एक गाडी, म्हणून प्लिमथने सुमारे १,९०० गाड्या बनवल्या. त्या इथेच डेट्रॉइटला लिंच रोडच्या प्लँटमध्ये, मुदत गाठायची म्हणून घाईघाईत. मागची काच वेगळ्या आकाराची बसवायची होती, त्यासाठी पत्र्याचा तुकडा जोडावा लागला, तो जोड नीट घासून गुळगुळीत करत बसायला वेळ कोणाला, मग वरून काळं व्हिनाइल चढवलं आणि जोड झाकला. म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक सुपरबर्डला व्हिनाइलचं छप्पर आहे. रेसच्या गाडीला ते नाही. रेसच्या गाडीत हेडलाइट नाहीत, आत एकच सीट आणि पाइपांचा पिंजरा. म्हणजे एकाच डब्यातून दोन पूर्ण वेगळ्या गाड्या निघतात, आणि अर्धी ही अर्धी ती केलीस तर ज्याला कळतं तो लांबूनच बघून हसणार.

रेसची करायची तर सरळ नाव रिचर्ड पेटी, ४३ नंबर. पेटी १९६९ ला चक्क फोर्डकडे गेला होता कारण प्लिमथकडे हवेला कापेल अशी गाडी नव्हती, आणि त्याला परत आणण्यासाठी सुपरबर्डचं हे लांब टोकदार नाक नि मागचा हा उंच पंख. पण गंमत म्हणजे १९७० ची डेटोना ५०० रेस जिंकली ती पीट हॅमिल्टनने, पेटींच्याच टीमची दुसरी सुपरबर्ड, ४० नंबर. पेटीचं इंजिन त्या दिवशी लवकरच गेलं. मला विचारशील तर ४० कर, ४३ सगळेच करतात.

आणि आता मी तारीख का विचारतो ते सांगतो. फेब्रुवारीच्या डेटोनाची गाडी करणार असशील तर ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी लावायची नाही. त्याच वर्षी मे महिन्यात डार्लिंग्टनच्या रेसला पेटीची गाडी उलटीपालटी झाली, त्याचा हात नि खांदा खिडकीतून बाहेर लोंबत होता, आणि त्यानंतर मग नॅस्कारने जाळी सक्तीची केली. तसंच लाल रंगाचं. पेटीची गाडी म्हटलं की लोकांना निळा आणि लाल आठवतो, पण तो लाल त्याच्या प्रायोजकाचा, एसटीपी कंपनीचा, १९७२ पासूनचा. १९७० ची गाडी नुसती निळी. आता हा निळा म्हणजे पेटी ब्लू, मूळ किस्सा असा सांगतात की गॅरेजमध्ये एका गाडीला पुरेल एवढा ना निळा होता ना पांढरा, मग दोन्ही एकात ओतले. त्यामुळे बाटलीवर पेटी ब्लू लिहिलंय म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, जुन्या रंगीत फिल्मचे फोटोही वेगवेगळे दिसतात. दोन-तीन निळे आण, प्लॅस्टिकच्या चमच्यांवर प्राइमर मारून त्यावर मार, वाळले की दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी शेजारी ठेवून बघ. चमचा गोलाईचा असतो म्हणून बरा, सपाट पट्टीवर रंग खोटं बोलतो.

फोटो शोधताना अजून एक, डॉज चार्जर डेटोना (इथे डेटोना हे गाडीचं नाव, रेसचं नाही) वेगळी आणि ही वेगळी. बडी बेकरने मार्च १९७० ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी २०० मैल ओलांडले ती डॉज. नेटवर दोघींचे फोटो सर्रास एकत्र येतात, पण नाकही वेगळं आणि मागचा पंखही वेगळा, तेव्हा फोटो सेव्ह करताना गाडी कोणती ते आधी नीट बघ.

रस्त्यावरची करणार असशील तर माझं एक मत आहे, बरेच जण त्यावर भांडतात माझ्याशी. लोक मॉडेलला इतकं पॉलिश मारतात की बांगडी विकायला ठेवल्यासारखी चमकते. खरी गाडी कारखान्यातून तशी निघतच नव्हती. रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असायचा, खालच्या पत्र्यावर प्राइमर तसाच आणि कडेकडेने बॉडीचा रंग उडालेला, आणि सुपरबर्डच्या नाकाची तर फटही सारखी बसलेली नसायची. नाकाचा भाग तुझ्या किटमध्ये वेगळा असेल तर ती रेघ पुट्टीने बुजवू नकोस, खऱ्या गाडीत ती दिसते. तेव्हा तर ह्या गाड्या खपतही नव्हत्या, काही डीलरनी नाक-पंख काढून साध्या रोड रनर (प्लिमथची ज्या गाडीवरून सुपरबर्ड केली ती) करून विकल्या म्हणे, आणि आज भाव बघ.

हे सगळं पुस्तकात शोधण्यापेक्षा तू डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतेस त्याचा फायदा घे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, तिसरा शनिवार, अख्खा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरतो. बॉनेट उघडी ठेवून खुर्ची टाकून बसलेले आजोबा दिसतील, नुसतं "फोटो काढू का?" विचार, अर्धा तास सोडत नाहीत. सगळे लोक पुढून एक फोटो काढतात, तू मात्र वायपरच्या खालचा भाग काढ, बॅटरीच्या वायरी, दाराच्या बिजागऱ्या, चाकाच्या आतली बाजू, सायलेन्सरचा गंजलेला रंग. डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये गर्नी आणि फॉइट यांनी १९६७ ला फ्रान्समधली ल मां रेस जिंकलेली लाल फोर्ड मार्क फोर आहे, तिच्या छपरावर ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फुगवटा आहे, कारण गर्नी उंच, हेल्मेटसकट मावेना. हे एकदा डोळ्याने बघितलंस की कुठल्याही किटमधल्या उंचवट्याकडे बघताना आपोआप प्रश्न पडतो की हा इथे का.

बरं, आता काम. सुटे करायच्या आधी सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धू, साच्याचं तेल असतं त्यावर. मग गोंद न लावता नुसती टेपने गाडी उभी कर, काचेच्या तुकड्यावर, आणि चारही चाकं टेकतात का बघ. तीन टेकतात आणि चौथं अधांतरी, हे नेहमीचं आहे, आणि हे आत्ता सापडलं तर अ‍ॅक्सल घासून निघतं, रंग झाल्यावर सापडलं तर निघत नाही. रेसची गाडी बुटकी बसते, तेही याच वेळी. गाडी किती खाली बसलीये हे बरोबर असलं ना की बाकी थोडं उन्नीस-बीस चालून जातं.

स्प्रेबद्दल कडक सांगतो. तुझ्या घरी बेसमेंटमध्ये फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर आहे, तिथे कॅन मारायचा नाही, वास नंतरचा विषय, आधी भडका उडेल. गॅरेजमध्ये मार, दार वर करून, कार्बनच्या कॅन्स्टरवाला मास्क लावून, कोविडवाला नाही. हिवाळ्यात गॅरेज गार असतं, कॅन आधी कोमट पाण्यात ठेव, कोमट म्हणजे कोमट, गॅसवर नाही. लॅकर रंग मारत असशील तर दमट दिवशी मारू नको, रंगावर पांढरी झाक येते. आणि दिवाळीला नाशिकला जाताना भावासाठी स्प्रेचे कॅन बॅगेत टाकायचा विचार असेल तर सोड, विमानात चालत नाहीत.

हेमी इंजिनवर (क्रायस्लरचं दमदार व्ही-८) वेळ घाल, तिथे मजा आहे. ४२६ हेमीची ओळख म्हणजे स्पार्क प्लगच्या वायरी व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध भोकांत जातात, बाजूने नाही. किटमध्ये वायरी नसतात, त्या आपण घालायच्या. खरी वायर साधारण ७ मिलिमीटर, मॉडेल १/२४ मापाचं म्हणून भागिले २४, म्हणजे पाव मिलिमीटरच्या जरा वर, जुन्या हेडफोनच्या आतली बारीक वायर निघाली तर बघ. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना वीज वाटून देतो तो) टोपीला सगळ्यात बारीक ड्रिलने हाताने भोकं पाड, आणि वायरी फायरिंग ऑर्डरनेच, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्या क्रमाने लाव, १-८-४-३-६-५-७-२. कोणी मोजणार नाही म्हणतात, पण ऑर्डरने लावल्या की त्या जशा एकमेकींवरून जातात ते आपोआप खऱ्यासारखं दिसतं, मनाने लावल्या की कंगव्यासारख्या सरळ येतात. रस्त्यावरच्या हेमीचा ब्लॉक नारिंगी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र नुसतं लोखंड.

डिकॅलला, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या नंबर नि चिन्हांना, घाई नको. शीटमधून एकच कापून घे, पाण्यात बुडव, बाहेर काढून टिश्यूवर ठेव आणि मिनिटभर थांब, बोटाने सरकतंय असं झालं की मग गाडीवर, कागदावरून सरकवत. खाली मायक्रो सेट, वरून मायक्रो सोल, ही डिकॅल बसवायची दोन द्रावणं. सोल लावल्यावर डिकॅलला सुरकुत्या पडतात, जीव घाबरा होतो, तेव्हा हात लावायचा नाही. ते मऊ झालेलं असतं, वाळताना स्वतःच पत्र्याच्या घड्यांत बसतं. तेव्हा बोट लावलंस तर फाटलंच.

क्रोमच्या पट्ट्यांना चिकट फॉइल मिळतं, बेअर मेटल कंपनीचं, तुकडा मोठा कापायचा, कानकाडीने दाबून बसवायचा आणि कडेने नव्या कोऱ्या ब्लेडने हलकेच कापायचा. काचा सुपरग्लूने लावू नको, धुरकट होतात, पांढरा फेविकॉलसारखा गोंद बास. पंख सगळ्यात शेवटी लाव, नाहीतर तोच धरून गाडी उचलशील.

दुसरं किट आत्ता घेऊ नकोस, मोह होणार, माहितीये. घेशीलच तर एवढं बघ की मोनोग्राम कंपनीचे बरेचसे किट १/२४ मापाचे आणि एएमटीचे १/२५, त्यामुळे याचं इंजिन त्यात एखाद वेळेस खपून जातं पण चाकांमधलं अंतर जुळत नाही. एएमटी म्हणजे तुझ्याच ट्रॉयची कंपनी गं, १९४८ ला सुरू झाली, आधी डीलरच्या शोरूमसाठी छोट्या गाड्या करायची, किट नंतर आले. जोहॅन ही किटची कंपनी पण डेट्रॉइटचीच, तिची सुपरबर्ड जुन्या लोकांना फार प्रिय, पण आता किंमती बघून सोडून द्यावं.

तर ४०, ४३ की रस्त्यावरची, ते कळव. ४० असेल तर माझ्याकडे एक जुनं डिकॅल शीट पडलंय, पिवळं पडलंय पण फाटलेलं नाही. प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटव, ऊन लागेल अशा बाजूला, काही आठवड्यांत पिवळेपणा बराचसा उतरतो. उतरला की आधी कोपऱ्यातलं एखादं फालतू डिकॅल पाण्यात टाकून बघ, तुकडे झाले तर वरून डिकॅल फिल्मचा हात मारायला लागेल, ती बाटली मी देतो.

— काका